जुन्या फिरत्या घराचा सौदा : घेण्यापूर्वी काय पाहावे, दुरुस्ती कशी करावी

चाकांवरची राहती खोली, म्हणजे ज्याला इंग्रज कॅरॅव्हॅन आणि अमेरिकन ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतो, ती वस्तू आपल्याकडे नवलाईची वाटेल. पण झरी, तलासरी, संजाण, उंबरगाव या पट्ट्यातील माणसाला तिची ओळख सिनेमावाल्यांमुळे कधीच झाली आहे. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण १९८७-८८ च्या काळात उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत झाले. त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या चित्रसृष्टीत व्हॅनिटी व्हॅन आल्या. नट-नट्यांनी बसायचे, कपडे बदलायचे, जेवायचे ते याच गाड्यांत. हा धंदा इथे सुरू करण्याचे श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लोन यांना दिले जाते. चाकांवर खोली बांधण्याचे काम आपले सुतार, पत्रेवाले, वेल्डर, गादीवाले आणि रंगारी या गाड्यांमुळे शिकले.

आता या कामाला दुसरे गिऱ्हाईक मिळू लागले आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात राहण्याच्या गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागा, अशा दोन्हींचा विचार आहे. बोर्डी-घोलवडच्या बाजूला चिकूच्या वाड्यांत पाहुणे उतरवण्याची पद्धत रुळली आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्या गावांचे नाव लांबवर गेले. वाडीत पक्की खोली बांधण्यापेक्षा एखादी जुनी गाडी नीट करून झाडाखाली उभी करावी, असे काही वाडीवाल्यांच्या मनात येते. असे गिऱ्हाईक दारात आले की कारागीर जुनी गाडी शोधायला निघतो, आणि पैसा बुडण्याची जागा तिथेच असते. ज्याच्या गाठीला लाख-दीड लाखच आहेत, त्याने एक चुकीची गाडी घेतली तर त्याचे वर्ष गेले असे समजावे.

ही वस्तू मुळात काय आहे

विलायतेत डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थाने १८८५ मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून घोड्यांनी ओढायचे ‘वाँडरर’ हे फिरते घर बांधून घेतले. निव्वळ हौसेसाठी बांधलेले हे पहिले फिरते घर मानले जाते. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायची कॅरॅव्हॅन बाजारात आणली. अमेरिकेत वॉली बायम याने १९३६ मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर हा चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रेलर काढला. त्याची बांधणी विमानासारखी होती, पत्र्याला पत्रा रिबिटांनी जोडलेला. चंद्रावरून १९६९ मध्ये परत आलेल्या अंतराळवीरांना ज्या बंद खोलीत वेगळे ठेवले होते, ती खोलीसुद्धा एअरस्ट्रीमचाच फेरफार केलेला ट्रेलर होता. तिकडे पन्नास-साठ वर्षांचे ट्रेलर घेऊन ते मूळ रूपात आणण्याचा मोठा धंदा चालतो.

आपल्याकडे असे जातिवंत जुने ट्रेलर फारच थोडे. त्यामुळे इथल्या माणसाच्या हाती येतात त्या वापरून टाकलेल्या व्हॅनिटी व्हॅन, फिरत्या दवाखान्याच्या गाड्या, ठेकेदारांनी साइटवर ठेवलेली चाकांची ऑफिसे आणि क्वचित एखाद्या हौशी माणसाने बांधून घेतलेला लहान ट्रेलर. त्यांचे शास्त्र मात्र एकच आहे. खाली लोखंडी सांगाडा, वर लाकडाची किंवा लोखंडी नळ्यांची चौकट, चौकटीवर ॲल्युमिनियम वा फायबरची कातडी आणि आत प्लायवूड. तिकडची मंडळी जे शिकली ते इथेही जसेच्या तसे लागू पडते. त्या शिकवणीतले पहिले वाक्य असे, की जुनी गाडी रस्त्यावर मरत नाही, पाण्याने मरते.

पाणी कुठे शिरले आहे

विकणारा माणूस गाडी नेहमी एप्रिल-मे महिन्यात दाखवतो. तेव्हा सगळे कोरडे असते, आतून नवा सनमायका मारलेला असतो आणि अत्तराचा वासही असतो. शक्य असेल तर गाडी पावसाळ्यात पाहावी. ते जमत नसेल तर पाण्याची नळी मागून घ्यावी. एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडावे. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे. एकदम टपावर पाणी सोडले तर ते सगळीकडून खाली उतरते आणि गळतीचे तोंड कोणते ते कळत नाही. खिडकीच्या खालच्या कडेला दहा मिनिटे, मग बाजूच्या सांध्याला, मग टपाच्या कडेला, आणि शेवटी टपावरच्या पंख्याच्या किंवा एसीच्या भोकाला, या क्रमाने गेले की दोष नेमका सापडतो.

दुसरे साधन म्हणजे चांभाराची आर. जमिनीचे चारही कोपरे, दरवाजाचा उंबरठा, चाकांच्या वरचा भाग आणि खिडक्यांच्या खालची लाकडी पट्टी येथे ती टोचून पाहावी. चांगले लाकूड आरीला अडवते, कुजलेल्यात ती लोण्यात शिरावी तशी जाते. आतले प्लाय फुगलेले, तपकिरी डाग पडलेले किंवा दाबल्यावर पोकळ वाजणारे असेल तर त्यामागची चौकट गेली असे धरूनच हिशोब करावा. वास सर्वांत खरे बोलतो. दारे-खिडक्या बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवावी आणि मग दार उघडून पहिला श्वास घ्यावा. कुबट वास आला तर मालक काहीही सांगो, भिंतीत पाणी आहे.

एअरस्ट्रीमसारख्या गाड्यांत आणखी एक रोग असतो. त्यांची ॲल्युमिनियमची कातडीच भार पेलते आणि ती खालच्या सांगाड्याला बोल्टांनी जोडलेली असते. मागच्या बाजूला पाणी शिरून जमीन कुजली की कातडी आणि सांगाडा एकमेकांपासून सुटतात. तिकडचे जाणकार मागच्या बंपरवर उभे राहून वजन देतात आणि सांध्यात फट उघडते का ते पाहतात. आपल्याकडच्या बसच्या चेसिसवर बांधलेल्या व्हॅनलाही ही परीक्षा लावून पाहायला हरकत नाही. बॉडी आणि चेसिस यांना जोडणारे यू-बोल्ट ढिले झाले असतील तर गाडी हलवताना कुरकुरते.

सांगाड्यावर नवा काळा रंग दिसला की अधिक सावध व्हावे. लहान हातोडीने ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते आणि पोपडे पडतात. डहाणूच्या किनाऱ्यावर राहिलेली गाडी असेल तर खारे वारे लक्षात घ्यावे. सांगाडा चौकोनी आहे की पिळलेला, हे समजायला टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. फरक बोटभरापेक्षा जास्त निघाला तर गाडीला कधी तरी मार बसला आहे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१६ असेल तर टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, असे म्हातारे टायर बदलायचेच, हे भावात धरावे.

कागद नसतील तर ते भंगार आहे

ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याप्रमाणे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणीही वेगळी असते. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि आरसी पुस्तकाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ व ३०, आणि गाडी परराज्यातील असेल तर ना-हरकत दाखल्यासाठी फॉर्म २८ लागतो. आपला भाग सीमेवरचा. दमण, सिल्वासा आणि वलसाडच्या पाट्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणून हुरळून जाऊ नये. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंद करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तो कर मिळवला की स्वस्ताई बहुधा संपते.

आरसीवर गाडी ज्या प्रकारची लिहिली आहे त्यापेक्षा वेगळी करणे, उदाहरणार्थ साध्या मिनीबसची राहण्याची गाडी करणे, कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते. राहण्याच्या मोटारगाडीसाठी एआयएस १२४ हे वेगळे मानक आहे. म्हणून आधीपासून कॅरॅव्हॅन किंवा तत्सम खास वाहन म्हणून नोंदलेली गाडी चार पैसे जास्त देऊनही स्वस्त पडते.

सरकारी लिलावाचा मोह अनेकांना पडतो. पण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्याने होत नाही, त्या मोडीतच जातात. अशा फिरत्या दवाखान्याचे सिंक, खिडक्या, पाण्याची टाकी सुटे भाग म्हणून भंगारवाल्याकडून घ्यावेत. गाडी मात्र रस्त्यावर येणार नाही. ‘व्हिंटेज’ या शब्दाचाही गोंधळ आहे. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरील दुचाकी आणि खासगी चारचाकी यांना वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये फी आहे. पण अशा गाड्या धंद्यासाठी चालवता येत नाहीत आणि ट्रेलर त्या व्याख्येत बसत नाही. दलाल ‘व्हिंटेज नंबर काढून देतो’ म्हणाला तर त्याला इसार देऊ नये.

भाव उलट्या बाजूने काढावा

बहुतेक कारागीर गाडी आधी घेतात आणि खर्च मागून मोजतात. हिशोब उलटा मांडावा. समजा, एका वाडीवाल्याने तयार गाडीला सहा लाख देण्याचे कबूल केले. आपला नफा ९०,००० धरला तर राहिले ५,१०,०००. माल दीड लाख, मजुरी एक लाख तीस हजार, टायर-बेअरिंग-ब्रेक पन्नास हजार, वाहतूक आणि कागद वीस हजार, मिळून साडेतीन लाख. कातडी उघडल्यावर काही तरी निघतेच, त्यासाठी खर्चाचा पाचवा हिस्सा म्हणजे सत्तर हजार बाजूला ठेवला. उरले ९०,०००. गाडीला एवढेच द्यायचे. मालक पावणेदोन लाख मागत असेल तर सलाम करून उठावे. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपल्या बाजाराचे घालावेत. नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या वाहनाच्या खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के जीएसटी बसतो, तोही आधीच आपल्या हिशोबनिसाला विचारून धरावा.

दुरुस्ती

गाडी आली की पहिले दोन दिवस काहीही तोडू नये. फोटो काढावेत, प्रत्येक भागावर नंबर टाकावा, जुन्या पट्ट्या, कड्या आणि बिजागऱ्या डब्यात जपाव्यात. जुना भाग कितीही कुजका असो, नवा कापण्यासाठी तोच नमुना असतो.

काम खालून वर आणि बाहेरून आत करावे. आधी सांगाडा, चाके आणि ब्रेक, मग टप आणि बाहेरचे सांधे, मग भिंतीतील वायर, आणि सर्वांत शेवटी फर्निचर. आपले सुतारबांधव कपाटापासून सुरुवात करतात, कारण ते गिऱ्हाइकाला दिसते. नंतर टप गळला की तेच कपाट फोडावे लागते.

ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट टेकवू नयेत. मध्ये पाण्याचा ओलावा आला की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्ले जाते, आणि खाऱ्या हवेत हे फार लवकर होते. दोघांच्या मध्ये रबरपट्टी किंवा प्रायमरचा जाड थर हवा. ॲल्युमिनियमला साधा रेड ऑक्साइड धरत नाही, त्याला एच प्रायमर लागतो. पत्रा फाटला असेल तर आर्गन वेल्डिंगवाल्याकडे न्यावा किंवा ठिगळ रिबिटाने बसवावे. सांध्यांना सरसकट सिलिकॉन भरण्याची आपल्याकडे सवय आहे. सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि ते काढले तरी त्याचा तेलकट थर राहतो, मग त्यावर दुसरे काही चिकटत नाही. सांध्याच्या आत ब्यूटाइलची पट्टी आणि बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. जमिनीला आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने बंद कराव्यात, कारण पाणी पृष्ठभागातून नाही, कडेतून शिरते.

वजनाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. घरचे कपाट बनवणारा हात अठरा एमएमच्या खाली उतरायला तयार नसतो. आठ बाय चारचा अठरा एमएमचा एक तक्ता साधारण ३५ किलो भरतो, सहा एमएमचा १२ किलो. दहा तक्ते लागले तर फरक सव्वादोनशे किलोंचा झाला, म्हणजे तीन-चार माणसे कायमची गाडीत बसवल्यासारखे. फळ्या पातळ घ्याव्यात आणि मागे हलक्या लाकडाच्या पट्ट्या द्याव्यात. शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, हेही विसरू नये. काम संपल्यावर महामार्गावरील भुईकाट्यावर गाडी तोलून घ्यावी. ओढायच्या ट्रेलरचे नाकाकडचे वजन वेगळे पाहावे. अमेरिकेत एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर ठेवतात, युरोपात त्याहून कमी. नाक हलके आणि शेपूट जड झाले तर वेगात ट्रेलर सापासारखा डोलू लागतो आणि पुढची मोटारही घेऊन जातो. परदेशी हिच असेल तर बॉलचे माप ताडावे. ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंचांचा बॉल डोळ्याला सारखे दिसतात, पण दोन इंचांची वाटी ५० मिलिमीटरच्या बॉलवर सैल बसते. दिव्यांच्या वायरी जोडताना मोटारीला १२ व्होल्ट आणि ट्रक-बसला २४ व्होल्ट असतात, एवढे पाहिले की बल्ब जळत नाहीत.

जिवाशी गाठ

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. व्हॅनिटी व्हॅन जुनी असली की तिच्या जमिनीत वायर आणि पाइपांसाठी पाडलेली अनेक भोके उघडी राहिलेली असतात. जनरेटरची खोली आणि राहण्याची खोली यांच्यामध्ये एक सुईचेही भोक ठेवू नये, धुराची नळी गाडीच्या कडेपलीकडे न्यावी, आत वायूचा इशारा देणारे यंत्र लावावे, आणि एसीसाठी जनरेटर चालू ठेवून कोणी झोपणार नाही असे गिऱ्हाइकाला लेखी द्यावे. वाडीत कायमची उभी राहणारी गाडी असेल तर जनरेटर काढूनच टाकावा, असे माझे मत आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा आणि तळाला जाळी असलेला हवा. पत्र्याच्या गाडीत वीज उतरली की पूर्ण गाडीच जिवंत तार होते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरी अर्थिंग यांशिवाय गाडी कोणाला देऊ नये. जुना रंग आणि जुन्या ब्रेकचे अस्तर घासताना तोंडाला चांगला मास्क हवा, त्यात शिसे आणि ॲस्बेस्टॉस असू शकते. कामावरच्या पोराला रुमाल बांधून घासायला बसवू नये.

जागा

झरीचे नाव १९४५ च्या मे महिन्यात झालेल्या वारली शेतकऱ्यांच्या परिषदेमुळे इतिहासात गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील तो लढा वेठबिगारीविरुद्ध होता. या भागात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला खरेदीने, गहाणाने किंवा भाडेपट्ट्यानेही परवानगीशिवाय घेता येत नाही. महसूल संहितेची ३६ व ३६अ ही कलमे त्यासाठीच आहेत. गाड्या ठेवायला महामार्गालगत ‘तोंडी भाड्याने’ जागा घेणाऱ्याची शेड कधी तरी उठते आणि तोपर्यंत झालेला खर्च जातो. सातबारा पाहूनच शेड टाकावी. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे आणि त्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टाही त्या बंधनात येतो, त्यामुळे फवाऱ्याने रंग मारण्याचे वर्कशॉप काढण्यापूर्वी परवान्याची चौकशी करावी. वाडीत गाडी कायम उभी राहून तिला नळ आणि संडास जोडला, तर ‘चाके आहेत’ एवढे म्हणून ग्रामपंचायतीची परवानगी टळत नाही.

विकताना

जुन्या मालात दोष राहतोच. तो सांगून विकला तर भाव थोडा उतरतो, न सांगता विकला तर गिऱ्हाईक पहिल्या पावसात परत येते. खियार-ए-ऐब म्हणजे लपलेल्या दोषाबद्दल माल परत करण्याचा हक्क आपल्या व्यापाऱ्यांना नवा नाही. काय बदलले, काय जुने ठेवले आणि काय पुढे बदलावे लागेल, असा एक कागद दोघांच्या सह्यांनी करावा. कामाचे फोटो त्याला जोडावेत, कारण भिंत बंद झाल्यावर आतली चौकट नवी आहे हे दुसऱ्या कशाने दाखवता येत नाही. ताबा देताना गिऱ्हाइकासमोर नळीने पाणी मारून दाखवावे. पहिला पावसाळा संपल्यावर एकदा जाऊन सांधे पाहून येण्याचे कबूल करावे.

गाडी चार महिने झाकायची असेल तर प्लास्टिकची ताडपत्री पत्र्याला घट्ट आवळू नये, आतल्या बाजूने घाम सुटून लाकूड भिजते. बांबूच्या ओंडक्यांवर हातभर उंच छप्पर घालावे आणि टपावरची हवेची खिडकी थोडी उघडी ठेवावी.